वसतिगृहाचे घर करणारे कर्मवीर

कर्मवीर भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका दिगंबर जैन घराण्यात झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले. तेथे असताना ते अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास गेले. परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. आपल्याच समाजाच्या छत्राखालून बाहेर पडावे लागलेल्या या तरुणाने मनात कटुता जोपासली नाही. कोणालाही बाहेर न ठेवणारे छत्र उभारणे हेच त्यांनी जीवितकार्य मानले.

१९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. सर्व जातिधर्मांची मुले तेथे एकाच पंगतीत जेवत आणि श्रमाची कामे मिळून करीत. शेजारच्याचा विटाळ मानण्यास तेथे जागाच नव्हती.

या कार्याचा खरा भार सौ. लक्ष्मीबाईंनी उचलला. सोवळ्या-ओवळ्याच्या संस्कारांत वाढलेल्या या माउलीने परक्या मुलांना आपल्या स्वयंपाकघरात घेतले, आजाऱ्यांची शुश्रूषा केली. धान्य संपले तेव्हा अंगावरचे दागिने दिले, अखेरीस मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. परंतु अण्णांनी कार्य थांबविले नाही. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले. १९५९ मध्ये अण्णांना पद्मभूषण लाभले आणि त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

आपल्या धर्मात आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. पहिली तीन दाने द्रव्याने साधतात. अभयदानास मात्र माणूस लागतो. घरापासून प्रथमच दूर आलेला मुलगा जेवला का, गप्प का आहे, हे विचारणारे कोणी असेल, तरच तो निर्भयपणे शिकतो. साताऱ्याच्या वसतिगृहात ही चारही दाने घडली.

सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी शिष्यवृत्तीचा धनादेश देताना आपण त्या विद्यार्थ्याची आपुलकीने चौकशीही करू या. कर्मवीर अण्णांना व लक्ष्मीबाईंना हेच खरे अभिवादन ठरेल.