विश्लेषण : गिरणीच्या दारात तपासनीस पोहोचला कसा? नारायण मेघाजी लोखंडे यांनी काय मागितले, काय मिळाले?

देशात चार श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यातील एक संहिता कामाच्या जागेवरील सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या स्थितीविषयी आहे. कारखाना किंवा कार्यालय तपासायला येणाऱ्या सरकारी निरीक्षकाचे नाव आणि काम या संहितेने बदलले. मात्र कामाची जागा बाहेरच्या माणसाने येऊन तपासावी, हा विचारच मुंबई इलाख्यात १५० वर्षांपूर्वी वादाचा होता. त्या वादात कामगारांची बाजू पहिल्यांदा संघटितपणे मांडणारे नारायण मेघाजी लोखंडे रविवारच्या सुट्टीमुळे लक्षात राहिले आहेत. त्यांच्या मागण्यांमधला सुरक्षेचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही.

हर्णेचा संबंध काय?

दापोली तालुक्यातील हर्णे आज सुवर्णदुर्ग आणि किनाऱ्यावरच्या मासळीच्या लिलावासाठी ओळखले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते मुंबईला जाणाऱ्या आगबोटीचे बंदर होते. बोट खोल पाण्यात उभी राहायची, उतारूंना होडीतून तिच्यापर्यंत नेले जायचे. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असायची. दापोली, मंडणगड, खेड या पट्ट्यातील तरुणांना घाट चढून जाण्यापेक्षा समुद्राचा रस्ता जवळचा होता.

हे तरुण जायचे ते प्रामुख्याने गिरण्यांमध्ये. १८८१ च्या जनगणनेत मुंबईची लोकवस्ती पावणेआठ लाखांच्या आसपास होती आणि त्यातील सुमारे सव्वा लाख लोक रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. दुसऱ्या कोणत्याही जिल्ह्याने मुंबईला इतकी माणसे दिली नव्हती. गिरणीत हात अडकला, बोटे गेली, तर परत यायचे ठिकाण म्हणजे हेच बंदर. शहरात त्या माणसाची जबाबदारी कोणावरही नव्हती.

लोखंडे कोण होते?

जन्म १८४८ मध्ये ठाण्यात. कुटुंब मूळचे पुणे जिल्ह्यातील, खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचे. शिक्षण फार झाले नाही. रेल्वेत, मग टपाल खात्यात काही काळ नोकरी केल्यानंतर ते मुंबईत एका कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले.

ही नोकरी महत्त्वाची आहे. ते साच्यावर उभे राहणारे कामगार नव्हते आणि मालकही नव्हते. बसायचे टेबलाशी, पण ते टेबल गिरणीच्या आत होते. गिरणीत काय तुटते, काय बदलावे लागते, कशावर खर्च होतो आणि कशावर होत नाही, हे स्टोअरच्या नोंदवहीइतके दुसरीकडे कुठे दिसत नाही. त्यांच्या मागण्या पुढे इतक्या मोजक्या आणि नेमक्या निघाल्या, त्याचे एक कारण इथे असावे.

महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते होते. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ हे वृत्तपत्र आर्थिक अडचणीत आल्यावर १८८० मध्ये लोखंडे यांनी ते मुंबईत आणून चालवायला घेतले. गिरणीची नोकरी सुटली आणि गिरणीविषयी लिहिणे सुरू झाले.

गिरणीत धोका कसला होता?

गिरणीतील सगळी यंत्रे एकाच वाफेच्या इंजिनावर चालत. इंजिनाची गती छताजवळच्या लांब दांड्यांमधून आणि तिथून कातडी पट्ट्यांमधून प्रत्येक यंत्रापर्यंत येई. पट्टे आणि दातेरी चाके बरीचशी उघडी असत. धोतराचा सोगा, लुगड्याचा पदर किंवा केस एकदा पट्ट्यात सापडले की यंत्र थांबवायला वेळ मिळत नसे, कारण इंजिन दुसऱ्या इमारतीत असे.

दुसरा धोका दिसत नसे. कापूस पिंजण्याच्या खात्यात हवेत तंतू तरंगत आणि ते वर्षानुवर्षे छातीत जात. विणखात्यात धागा तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवत. त्यामुळे खिडक्या बंद आणि आत वाफ. जेवायला वेगळी जागा नव्हती. अनेकजण यंत्राशेजारीच भाकरी खात आणि तीही यंत्र चालू असताना.

विजेचे दिवे येण्यापूर्वी कामाची वेळ सूर्यावर होती. उजाडल्यापासून मावळेपर्यंत, म्हणजे उन्हाळ्यात १३ तासांहून अधिक. रविवारी यंत्रे बंद असली तरी साफसफाईसाठी कामगारांना बोलावले जाई. थकलेला माणूस आणि उघडा पट्टा यांचा संबंध सांगायला वेगळ्या अभ्यासाची गरज नव्हती.

पहिला कायदा कोणी आणला?

या प्रश्नाचे उत्तर थोडे अवघडलेले आहे. मुंबईच्या गिरण्या स्वस्त सूत काढू लागल्याने लँकेशायरचे कारखानदार अस्वस्थ होते. इंग्लंडमध्ये १८३३ पासून कारखाना निरीक्षक होते, बालकामगारांवर निर्बंध होते आणि भारतात काहीच नव्हते. भारतातही कायदा करा, हा त्यांचा आग्रह दयेपोटी नव्हता. मुंबईतले मालक हे दाखवून देत आणि ते खरेही होते. पण आग्रह करणाऱ्याचा हेतू स्वार्थी होता म्हणून उघडा पट्टा सुरक्षित ठरत नाही.

मुंबई सरकारने १८७५ मध्ये चौकशी आयोग नेमला. त्यातील बहुतेक सदस्यांना कायद्याची गरज वाटली नाही. सोराबजी शापूरजी बंगाली यांनी मात्र पाठपुरावा सोडला नाही आणि १८७८ मध्ये स्वतःच विधेयकाचा मसुदा तयार केला. अखेर १८८१ मध्ये पहिला कारखाना कायदा झाला.

त्यात सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी होती. सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा, एक तास विश्रांती आणि महिन्यात चार सुट्ट्या होत्या. धोकादायक यंत्रांना कुंपण घालणे आणि अपघाताची खबर देणे बंधनकारक झाले. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या तासांबद्दल एक शब्दही नव्हता.

पळवाटा कुठे होत्या?

कायदा लागू होता तो १०० किंवा अधिक माणसे असलेल्या, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या आणि वर्षात चार महिन्यांपेक्षा जास्त काळ सुरू राहणाऱ्या कारखान्यांना. खानदेशातील सरकी काढण्याचे जिनिंग कारखाने हंगामी असल्याने त्यांतले बरेच बाहेर राहिले. तिथे हंगामात बायका पहाटेपासून रात्रीपर्यंत राबत.

तपासणीचे हाल वेगळेच. इंग्लंडहून आलेले निरीक्षक मीड-किंग यांनी १८८२ मध्ये मुंबईतील अंमलबजावणी पाहून अहवाल दिला आणि कायदा अपुरा असल्याचे दाखवले. मुलाचे वय ठरवणे हीच पहिली अडचण होती. जन्माची नोंद नाही, त्यामुळे डॉक्टर दात आणि अंगकाठी पाहून वय सांगत. निरीक्षकाला भाषा येत नसे. तो कामगाराशी बोलायचा ते दुभाष्याच्या किंवा गिरणीच्याच माणसाच्या मदतीने. मुकादमासमोर उभा असलेला कामगार त्याला काय सांगणार?

लोखंडे यांनी नेमके काय केले?

मुंबई सरकारने १८८४ मध्ये दुसरा आयोग नेमला. आयोग मालक, व्यवस्थापक आणि डॉक्टरांचे म्हणणे ऐकणार होता. कामगारांचे म्हणणे कोण मांडणार, हे ठरलेले नव्हते. लोखंडे यांनी त्या वर्षी सप्टेंबरमध्ये २३ आणि २६ तारखेला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन आयोगापुढे ठेवले. भारतातील कामगारांनी संघटितपणे केलेली ही पहिली मोठी मागणी मानली जाते.

मागण्या पाच होत्या. रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, आधीच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. पाचवी मागणी सगळ्यात पुढची होती : कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार आणि कायमचे अपंगत्व आल्यास उदरनिर्वाहाची सोय.

पाचही मागण्या एकत्र वाचल्या तर त्या सुरक्षेच्याच मागण्या आहेत. विश्रांती नसलेला माणूस यंत्रात हात घालतो. पगार दोन महिने अडकून राहिला तर आजारी माणूसही कामावर येतो.

आयोगाने काही सुधारणा सुचवल्या, पण लगेच काही झाले नाही. मधल्या काळात लोखंडे यांनी बॉम्बे मिलहँड्स असोसिएशनच्या नावाने काम चालू ठेवले. ही आजच्या अर्थाने कामगार संघटना नव्हती. वर्गणी, सदस्यांची यादी, नियमावली असे काही नव्हते. लोखंडे, त्यांचे वृत्तपत्र आणि त्यांच्यावर विश्वास ठेवणारे हजारो लोक एवढीच ती संस्था. त्यामुळे त्यांच्यानंतर ती टिकली नाही, ही त्यांच्या कामाची मोठी मर्यादा आहे.

याच काळात केशवपनाविरोधात मुंबईतील न्हाव्यांना एकत्र आणण्यातही त्यांचा पुढाकार होता.

सुट्टी आधी की कायदा?

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे १०,००० कामगारांची सभा झाली. दोन कामगार स्त्रियांनी तिथे भाषणे केली. त्या काळच्या मुंबईत ही साधी गोष्ट नव्हती. आठवड्याच्या सुट्टीची मागणी करणारे निवेदन गिरणीमालकांच्या संघटनेकडे गेले आणि १० जून १८९० रोजी मालकांनी ती मान्य केली. म्हणजे सुट्टी आली ती कायद्यापूर्वी, सहमतीने.

त्याच वर्षी डॉ. लेथब्रिज यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला गेला आणि त्याच्या मुंबईतील कामात लोखंडे यांना सहभागी करून घेतले गेले. सहा वर्षांपूर्वी बाहेरून निवेदन देणारा माणूस आता साक्षी ऐकणाऱ्यांच्या बाजूला बसला. तपासणाऱ्याला कामगारांची भाषा येत होती, हा फरक लहान नव्हता.

१८९१ च्या कायद्याने मर्यादा १०० वरून ५० माणसांवर आणली. किमान वय सातवरून नऊ झाले. नऊ ते चौदा वयाच्या मुलांना सात तास, स्त्रियांना अकरा तास, सर्वांना दुपारी अर्धा तास विश्रांती आणि आठवड्याची सुट्टी मिळाली. हवा खेळती राहणे, स्वच्छता, गर्दी, पिण्याचे पाणी या गोष्टी नियमांखाली आल्या. निरीक्षकाच्या वहीत यंत्राच्या कुंपणाशेजारी खिडकी आणि पाण्याचा माठही आला तो तेव्हापासून.

काय राहिले?

प्रौढ पुरुषांच्या तासांना मर्यादा १९११ पर्यंत नव्हती आणि तेव्हाही ती फक्त कापड गिरण्यांत, १२ तासांची होती. दरम्यान वीज आली आणि सूर्य मावळल्यावर यंत्रे थांबण्याचे कारणच उरले नाही. पाचव्या मागणीला तर अधिकच वेळ लागला. अपघातात जखमी झालेल्या कामगाराला भरपाई देणारा कायदा १९२३ मध्ये झाला, निवेदनानंतर ३९ वर्षांनी. हर्णेच्या होडीतून हात गमावून उतरलेल्या माणसाची एक अख्खी पिढी त्यापूर्वीच संपली होती.

लोखंडे यांनी यातले काहीच पाहिले नाही. १८९३ च्या मुंबईतील दंगलीनंतर सलोख्यासाठी केलेल्या कामाबद्दल सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली. १८९६ मध्ये शहरात प्लेग शिरला. ज्यांना शक्य होते ते मुंबई सोडून गावी पळाले, गिरण्यांची खाती ओस पडली. लोखंडे शहरातच थांबले आणि रुग्णांच्या सेवेत असताना त्यांनाही प्लेग झाला. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. वय पन्नाशीच्या आतच होते. महिन्याभराने पुण्यात सावित्रीबाई फुले याच साथीत गेल्या.

परळ येथील राज्य सरकारच्या श्रमविज्ञान संस्थेला आज लोखंडे यांचे नाव आहे. २००५ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीटही निघाले.

आज तपासणी कोणाची होते?

१९४८ च्या कारखाना कायद्याने मर्यादा आणखी खाली आणली : वीज वापरत असल्यास १०, नसल्यास २० कामगार. नव्या संहितेत कारखान्याची व्याख्या पुन्हा वर गेली, अनुक्रमे २० आणि ४०. १०० वरून ५०, ५० वरून २०, मग १० असा खाली येत गेलेला आकडा पहिल्यांदाच उलट दिशेने सरकला. मात्र सुरक्षा व आरोग्याची सर्वसाधारण तरतूद १० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू आहे.

कार्यालये, दुकाने, हॉटेलांसाठी महाराष्ट्राने २०१७ मध्ये वेगळा कायदा केला. २०२५ पर्यंत तोही प्रामुख्याने १० किंवा अधिक कामगार असलेल्यांसाठी होता आणि त्यात निरीक्षकाऐवजी सुविधाकार आहे. केंद्राच्या संहितेत तो ‘निरीक्षक तथा सुविधाकार’ झाला. कोणत्या जागेची तपासणी करायची हे संगणकाने यादृच्छिक पद्धतीने ठरवायचे, अशी आता रचना आहे. मालकांच्या मते यामुळे छळ थांबेल. कामगार संघटनांच्या मते तक्रार असलेल्या जागेवर कोणी पोहोचणारच नाही.

कार्यालयात पट्टे आणि चाके नसतात. तिथे पाहायचे ते बाहेर पडायचा दरवाजा अडवलेला आहे का, वायरिंग उघडे आहे का, अग्निशामक नळकांड्याची मुदत संपली आहे का, हवा, उजेड, पाणी आणि स्वच्छतागृह आहे का. शेवटच्या चार गोष्टी १८९१ च्या यादीशी मिळत्याजुळत्या आहेत. हर्णेत मासळीचा व्यवहार करणारी गाळ्यातली छोटी कार्यालये, होड्यांची दुरुस्ती, पर्यटकांची लहान निवासस्थाने यांपैकी अनेक ठिकाणी दहा माणसेही कामाला नसतात. तिथे तपासणीला कोणी येणे कायद्याला अपेक्षितच नाही.