झेवियर : घराचे नाव, संताचे नाव
आपल्यात झेवियर नावाचे कितीतरी जण आहेत. पण मुळात हे माणसाचे नव्हे, घराचे नाव! बास्क भाषेत त्याचा अर्थ ‘नवे घर’.

आजच्या उत्तर स्पेनमधील नवारा राज्यात, झेवियर नावाच्या गढीत, ७ एप्रिल १५०६ रोजी संत फ्रान्सिस जन्मले. ते दहा वर्षांचे असताना, १५१६ मध्ये, जेत्यांनी गढीचे बुरूज पाडले. १५२५ मध्ये ते शिकायला पॅरिसला गेले. तेथे संत इग्नेशियस ह्यांचे सोबती झाले आणि पुन्हा त्या घरी राहायला परतले नाहीत. पस्तिसाव्या वाढदिवशी लिस्बनहून निघून ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात उतरले. आपल्या वसईलाही त्यांचे पाय लागले. १५४९ मध्ये त्यांनी जपान गाठले. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या उंबरठ्यावर, सांचियन बेटावरील झोपडीत त्यांनी देह ठेवला.

१६२२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. पुढे त्यांच्या घराचे नाव जगभर मुलांना ठेवले जाऊ लागले. स्पेनमध्ये हावियेर, आपल्याकडे झेवियर.

ज्यांनी घर सोडले, त्यांचे नाव आज घरोघरी आहे. बाळाला ते देताना, उद्या देवाने त्याला दूर बोलावले तर आपण त्याला आनंदाने निरोप देऊ का, हेही मनाला विचारू या.