शहराची प्रकृती तपासणारा जीवशास्त्रज्ञ

नगररचनाकार म्हणून ओळखले जाणारे सर पॅट्रिक गेडिस मूळचे जीवशास्त्रज्ञ. २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या गेडिस यांनी लंडनला थॉमस हक्सली यांच्या हाताखाली शिक्षण घेतले. १८७९मध्ये मेक्सिकोत संशोधन करताना त्यांची दृष्टी काही काळ गेली आणि कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. दृष्टी परतली, तरी सूक्ष्मदर्शकावरचे काम आवरते घ्यावे लागले. सजीव आणि परिसर यांचे नाते शोधणारी त्यांची नजर पुढे शहराकडे वळली.

१८८६मध्ये ॲना मॉर्टन यांच्याशी विवाह झाल्यावर हे दाम्पत्य लवकरच एडिंबरोच्या जुन्या, दाट वस्तीत राहायला गेले. तेथे त्यांनी घरे दुरुस्त केली, पडीक जागांवर लहान बागा फुलवल्या.

१९१४मध्ये गेडिस भारतात आले. तेव्हा आरोग्याच्या नावाखाली जुन्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले जात. बेघर झालेले लोक शेजारच्या वस्तीत दाटी करतात आणि रोगाला नवे घर मिळते, हे त्यांनी लक्षात आणून दिले. मोजकी मोडकळीस आलेली घरे काढावीत, त्या जागी झाडांचे छोटे चौक करावेत आणि उरलेली वस्ती जपावी, हा त्यांचा उपाय होता. हिवतापाच्या भीतीने तलाव बुजवण्यालाही त्यांचा विरोध होता. तलावांमुळे हवा थंड राहते, पावसाचे जादा पाणी सामावते. म्हणून ते स्वच्छ करून त्यात डासांच्या अळ्या खाणारे मासे सोडावेत, असे त्यांनी सुचवले.

होळकरांच्या इंदूरमध्ये प्लेगशी लढताना त्यांनी दिवाळीची मिरवणूकच कामाला लावली. ज्या भागात घरांची सर्वाधिक साफसफाई आणि दुरुस्ती होईल, तेथून ती जाणार होती. लोकांनी कचऱ्याचे ढीग उपसले, उंदीर पकडले. मिरवणुकीत तुळशीची रोपे वाटली गेली. १९१८मध्ये इंदूरचा त्यांचा दोन खंडांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्याआधीच्या वर्षी मुलगा महायुद्धात मारला गेला होता आणि पत्नीचेही भारतात निधन झाले होते.

१९१९मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. गो. स. घुर्ये यांची इंग्लंडमधील उच्च शिक्षणासाठी निवड त्यांच्याच शिफारशीने झाली. १९२५मध्ये तेल अवीवचा आराखडा करताना त्यांनी घरांच्या मोठ्या गटांच्या मधोमध बागा ठेवल्या. १७ एप्रिल १९३२ रोजी फ्रान्समधील माँपेलिए येथे त्यांचे निधन झाले.

आज उपग्रहचित्रांवरून शहरांचा अभ्यास करताना हिरव्या भागाच्या क्षेत्रफळाबरोबर त्याची मांडणीही मोजली जाते. काँक्रीटमध्ये एकटे पडलेले हिरवे तुकडे पक्षी-कीटकांना फारसा आधार देऊ शकत नाहीत. तेच तुकडे नदीकाठ, तलाव आणि रस्त्याकडेच्या झाडांनी जोडलेले असले, तर जीवसृष्टी टिकायला मदत होते. घरांच्या अधेमधे विखुरलेली सावली आणि पाणी उन्हाचा ताप कमी करतात. वाढत्या शहरात एखादा तलाव बुजवण्याआधी गेडिस यांची आठवण ठेवायला हवी.