विश्लेषण : लेसोथोचे संस्थापक मोश्वेश्वे यांनी गाव का सोडले?

आजच्या लेसोथो देशाचा पाया एका स्थलांतराने घातला गेला. राजे मोश्वेश्वे (सुमारे १७८६-१८७०) त्याचे सूत्रधार.

स्थलांतर कशामुळे?
१८२० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत दुष्काळ, कुरणांवरून लढाया आणि झुलू सत्तेचा विस्तार यांमुळे गावेच्या गावे उठत होती. बुथा-बुथे येथील त्यांच्या वस्तीला त्लोक्वा लोकांनी वेढा घातला. १८२४ मध्ये माणसे आणि गुरे घेऊन ते दक्षिणेला थाबा बोसिऊ डोंगरावर गेले.

हाच डोंगर का?
कडे उभे, माथा सपाट. वर झरे आणि चारा. वेढा पडला तरी तग धरता येई.

माणसे कशी जोडली?
बासोथो परंपरेनुसार, वाटेत नरभक्षकांनी त्यांच्या आजोबांना मारून खाल्ले. आजोबांची कबर आता त्यांच्या पोटातच, असे मानून मोश्वेश्वे यांनी सूड टाळला आणि त्यांनाही आश्रय दिला. निर्वासितांना गुरे सांभाळायला मिळत. दूध त्यांचे, मालकी राजाची. या ‘माफिसा’ पद्धतीतून बासोथो राष्ट्र उभे राहिले.

पुढे काय?
बोअर युद्धांत सुपीक जमीन गेली. १८६८ मध्ये ब्रिटिश संरक्षण घ्यावे लागले. थाबा बोसिऊ मात्र त्यांच्या हयातीत कुणालाही जिंकता आला नाही.