संत कान्होपात्रा

श्रीक्षेत्र पंढरपूर येथे येणारा भाविक महाद्वारी श्रीचोखोबांच्या समाधीस वंदन करतो, श्रीनामदेव पायरीवर मस्तक टेकवितो आणि मगच श्रीविठ्ठल मंदिरात प्रवेश करतो. या मंदिराच्या आवारात, दक्षिण बाजूस, तरटीच्या झाडाचे एक स्थान आहे. दर्शनाच्या ओढीने पुढे जाणाऱ्या अनेकांचे तिकडे लक्ष जात नाही. हे स्थान संत कान्होपात्रेचे होय. मुक्ताबाईंना ज्ञानेश्वरादी बंधूंचा आधार होता, जनाबाईंना नामदेवांचे घर होते, सोयराबाईंना चोखोबांची साथ होती. कान्होपात्रेला मात्र ना कोणी गुरू लाभला, ना संतांचे कुळ. ती एकटीच पंढरीस आली आणि पंढरीचीच झाली.

जन्म व शिक्षण

पंढरपूरपासून सुमारे २५ कि.मी. अंतरावरील मंगळवेढे ही संतांची भूमी आहे. गावकुसाची भिंत कोसळून १३३८ मध्ये श्रीचोखोबांचा अंत झाला तो येथेच, आणि दुष्काळात धान्याची कोठारे रयतेसाठी खुली करणारे संत दामाजीपंतही येथलेच. याच गावी १५ व्या शतकात शामा नावाच्या धनाढ्य गणिकेच्या पोटी कान्होपात्रेचा जन्म झाला. घरी ऐश्वर्य होते, दासदासी होत्या. तत्कालीन रूढीप्रमाणे गणिकेच्या कन्येने आईचाच व्यवसाय पुढे चालवावयाचा असे. त्यासाठी कान्होपात्रेला लहानपणापासून गायन व नृत्य यांचे शिक्षण देण्यात आले. ती अतिशय रूपवती होती व दोन्ही कलांत निपुण झाली.

मुलगी वयात येताच, तिने बादशहाच्या दरबारी जाऊन आपली कला सादर करावी, म्हणजे धन व मान दोन्ही मिळतील, असे शामेला वाटू लागले. कान्होपात्रेने त्यास ठाम नकार दिला. आपल्या योग्यतेचा पुरुष भेटल्यावाचून आपण कोणाचाही स्वीकार करणार नाही, असा तिचा निश्चय होता. ज्या घरात मुलीच्या इच्छेला काहीच मोल नव्हते, त्या घरात हा नकार उच्चारणे सोपे नव्हते.

पंढरीची वाट

अशातच पंढरीस निघालेली वारकऱ्यांची दिंडी तिच्या दारावरून जाऊ लागली. टाळ-मृदंगाचा गजर ऐकून तिने चौकशी केली. वारकऱ्यांनी श्रीविठ्ठलाच्या रूपाचे व औदार्याचे वर्णन केले. गणिकेच्या कुळात जन्मलेल्या आपणास तो देव पदरात घेईल काय, असे तिने विचारले. कुब्जेला आपलीशी करणारा देव कुळ पाहत नाही, असा दिलासा तिला मिळाला. घरदार व वैभव मागे ठेवून ती दिंडीबरोबर चालू लागली.

श्रीविठ्ठलाचे दर्शन होताच तिचे मन तेथेच जडले व ती मंगळवेढ्यास परतली नाही. पंढरीतच राहून ती देवाचे गुणगान करू लागली. दरबारासाठी तयार केलेला कंठ अशा रीतीने नामस्मरणी लागला.

अखेरचे दर्शन

तिच्या सौंदर्याची वार्ता बेदरच्या बादशहाच्या कानी गेली. तिला घेऊन येण्यासाठी त्याने शिपाई पाठविले. न आल्यास बळाने न्यावे, अशी आज्ञा होती. एकवार देवाचे दर्शन घेऊन येते, एवढीच सवलत तिने मागून घेतली. गाभाऱ्यात जाऊन तिने देवाचा धावा केला. वाघाच्या जबड्यात सापडलेल्या पाडसाची उपमा ज्यात येते, तो तिचा अभंग याच प्रसंगीचा मानला जातो. देवाच्या चरणी मस्तक ठेवताच तिने प्राण सोडला. पुजाऱ्यांनी तिचा देह मंदिराच्या दक्षिण बाजूस ठेवला व त्या जागी तरटीचे झाड उगवले, अशी श्रद्धा आहे. महिपतीबुवा ताहराबादकर यांनी १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या भक्तविजय या ग्रंथात ही कथा विस्ताराने आली आहे.

देवापुढील नृत्य

देवपूजेत षोडशोपचारांखेरीज छत्र, चामर, गीत, नृत्य व वाद्य हे राजोपचार सांगितले आहेत. नृत्य ही देवाची सेवाच होय, म्हणून प्राचीन मंदिरांत त्यासाठी रंगमंडप बांधले गेले. मात्र नृत्याला मिळालेला हा मान नर्तकीला मिळाला नाही. देवाच्या नावाने वाहिलेल्या मुलींच्या वाट्याला पुढे परावलंबन व शोषण आले. या प्रथेविरुद्ध मुंबई इलाख्यात १९३४ मध्ये व महाराष्ट्रात २००५ मध्ये कायदे करावे लागले, यावरून तिची पाळेमुळे किती खोल गेली होती हे ध्यानी येते. कान्होपात्रा देवदासी नव्हती, परंतु जन्माने लादलेले जिणे तिच्याही वाट्यास आलेच होते.

वारकरी संप्रदायाने नृत्यसेवेची निराळी रीत रूढ केली. येथे कीर्तनात वीणेकरी, टाळकरी, मृदंगी सारेच तालावर पावले टाकतात. वारीच्या वाटेवर पावल्या व फुगड्या रंगतात, रिंगणात अश्वामागोमाग वारकरी धावतात, आणि आषाढी पौर्णिमेस गोपाळपूर येथे काल्याच्या आनंदात सर्वजण एकमेकांच्या पाया पडतात. नाचणारा एक व पाहणारे अनेक असा भेद येथे राहत नाही. कोणी कोणाच्या आज्ञेने नाचत नाही व त्यासाठी कोणी मोल देत नाही. दरबाराकडे पाठ फिरवून कान्होपात्रा दिंडीत सामील झाली, तिचे मोठेपण या पार्श्वभूमीवर अधिक स्पष्ट होते.

स्मृती

कान्होपात्रेचे थोडेच अभंग आज उपलब्ध आहेत. सकलसंतगाथेत त्यांचा समावेश असून कीर्तन-भजनांत ते भक्तिभावाने गायिले जातात. तिच्या जीवनावर ना. वि. कुलकर्णी यांनी लिहिलेले नाटक १९३१ मध्ये रंगभूमीवर आले व त्यात बालगंधर्वांनी कान्होपात्रेची भूमिका केली.

भाविकांनी श्रीविठ्ठल-रुक्मिणीचे दर्शन झाल्यावर तरटीच्या स्थानापाशी क्षणभर थांबावे व या थोर भक्त स्त्रीस वंदन करावे. जिला स्वतःच्या घरात स्वतःच्या मनाप्रमाणे जगता आले नाही, तिला पांडुरंगाने आपल्या मंदिरात कायमचे घर दिले.

॥ पुंडलीक वरदा हरि विठ्ठल ॥