‘डफरीन’ कोण होत्या?

अमरावतीत ‘तिला डफरीनला नेलं’ म्हटले की बाळंतपण, हे वेगळे सांगावे लागत नाही. अकोल्यात तीच ओळख ‘लेडी हार्डिंग’ची. दोन्ही जिल्हा स्त्री रुग्णालये. नावे व्हाइसरॉयांच्या पत्नींची. त्यांतील डफरीनबाईंनी तर या कामाचा पायाच घातला.

हॅरियट यांचा जन्म 1843 मध्ये आयर्लंडमधला. 1862 मध्ये लॉर्ड डफरीन यांच्याशी लग्न झाले. पतीच्या नोकरीनिमित्त कॅनडा, रशिया, तुर्कस्तान असा प्रवास करत 1884 मध्ये त्या भारतात आल्या. निघताना राणी व्हिक्टोरियाने त्यांच्यावर एक काम सोपवले होते. पन्नाच्या महाराणीने काही वर्षांपूर्वी राणीला निरोप धाडला होता, की इथल्या बायका औषधोपचाराविना हाल सोसतात. पडद्यातल्या स्त्रिया पुरुष डॉक्टरला दाखवत नसत. अडलेल्या बाळंतिणीलाही शिकलेली मदत मिळत नसे.

1885 मध्ये हॅरियट यांनी निधी उभारला. त्याची कामे तीन: स्त्रियांना डॉक्टर, परिचारिका व सुईणीचे शिक्षण देणे, बायकांसाठी दवाखाने काढणे आणि तिथे प्रशिक्षित स्त्रिया नेमणे. संस्थानिकांनी, धनिकांनी देणग्या दिल्या. पुढच्याच वर्षी आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या. स्त्री डॉक्टरची गरज इथल्यांनाही पटू लागली होती. निधीवर टीकाही झाली. वरच्या जागा गोऱ्या बायकांनाच मिळतात, ही त्यातली एक. 1888 मध्ये डफरीन दांपत्य परतले. 1936 मध्ये, वयाच्या 93व्या वर्षी, हॅरियट यांचे निधन झाले.

बाळंतिणीच्या खाटेशेजारी जाणकार बाई हवी, हे त्या कामाचे सार आजही जुने झालेले नाही. बाळ नीट अंगावर पीत नाही, स्तनाग्रांना चिरा पडतात आणि मोबाइलवर कुणीतरी सांगते, की ओठामागची पट्टी कापून घ्या. वरचा ओठ उलटला की हिरडीपर्यंत जाणारी पातळ घडी दिसते. ती जवळपास प्रत्येक नवजात बाळाला असते. वाढत्या वयात, दात येताना ती बहुधा वर सरकते. ती कापल्याने दूध पिणे सुधारते, असा भक्कम पुरावा नाही. जिभेखालची पट्टी आखडलेली असणे ही वेगळी बाब. तिथे काही मोजक्या बाळांना छोटी शस्त्रक्रिया लागू शकते, पण तीही तपासणीनंतरच.

आधी पाजण्याची पद्धत पाहावी. बाळाचे पोट आईच्या पोटाला टेकलेले, तोंड मोठे उघडलेले, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि स्तनाग्राभोवतीचा काळा भागही बराचसा तोंडात हवा. पाचव्या दिवसानंतर दिवसातून सहा किंवा जास्त लंगोट ओले होत असतील आणि साधारण दोन आठवड्यांत जन्माचे वजन भरून आले, तर दूध पुरते आहे. तसे नसेल तर वरचे दूध किंवा कात्री यांआधी बाळाला रुग्णालयात न्यावे आणि सिस्टरांसमोर पाजून दाखवावे.