बाबा आमटे आणि हाताला काम

परवा माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या आई निगडीच्या बाजारात भेटल्या. मुलगा आता नववीत आहे, त्याला ऐकू येत नाही. म्हणाल्या, मॅडम, दहावीनंतर याचं काय? आपल्याकडे भोसरी, तळवडे, चाकण सगळीकडे कारखाने, पण या मुलाला कुणी उभं करेल का? मला पटकन उत्तर देता आलं नाही. घरी आल्यावर बाबा आमटेंवरच्या पाठाच्या टिपणांची वही काढली.

मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म 26 डिसेंबर 1914 रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटचा. घर जमीनदाराचं. पैशाला कमी नव्हती, तरुणपणी स्वतःची मोटार होती. शिकून वकील झाले आणि पुढे वरोऱ्यात वकिली करू लागले. गांधीजींच्या विचारांचा परिणाम होताच. वरोऱ्यात त्यांनी सफाई कामगारांची संघटना बांधली आणि त्यांचं काम कळावं म्हणून काही महिने स्वतः डोक्यावरून मैला वाहिला. 1946 मध्ये साधनाताईंशी लग्न झालं.

अशातच एका पावसाळी रात्री त्यांना गटाराच्या कडेला तुळशीराम दिसला. कुष्ठरोगाने बोटं झडलेली, अंगात किडे. बाबा घाबरून पळाले. मुलांना सांगताना हा भाग गाळू नका. पळाल्याची लाज वाटली म्हणूनच ते परत फिरले आणि त्याची सेवा केली. पुढे कलकत्त्याला जाऊन त्यांनी कुष्ठरोगावरच्या उपचारांचं शिक्षण घेतलं.

1949 मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली. 1951 मध्ये वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळरानावर आनंदवन सुरू झालं. सोबत सहा कुष्ठरुग्ण, साधनाताई, विकास आणि प्रकाश ही दोन लहान मुलं, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये. उद्घाटनाला विनोबा आले होते.

तोवर रोगावर औषध निघालं होतं. रुग्ण बरा व्हायचा, पण झडलेली बोटं परत येत नाहीत आणि घराचं दारही उघडत नव्हतं. मग बऱ्या झालेल्या माणसाने जायचं कुठे, भीक मागायला? बाबांनी त्याच्या हातात कुदळ दिली. आधी विहिरी, मग शेती, मग सुतारकाम, विणकाम, पत्र्याचं काम. हे वाचायला सोपं वाटतं. बधिर हाताला जखम झालेली कळत नाही, त्यामुळे हत्यार कसं धरायचं इथपासून शिकावं लागतं.

आणि खरी अडचण त्यानंतर आली. भाजी पिकली, दूध निघालं, पण वरोऱ्यातले लोक घेईनात. हात शिकले होते, बाजार शिकला नव्हता! पुढे परदेशातले तरुण स्वयंसेवक बांधकामासाठी येऊन तिथे राहिले, तिथलंच जेवले. ते पाहून गावाची भीती ओसरू लागली आणि गिऱ्हाईक येऊ लागलं. मला वाटतं, आपण शाळांमधून मेणबत्त्या, पाकिटं करायला शिकवतो तेव्हा हा अर्धा भाग विसरतो.

1960 च्या दशकात तर उलटीच गोष्ट घडली. ज्यांना गावाने हाकललं त्यांनी आनंदवनात कॉलेजची इमारत उभी केली आणि गावातली धडधाकट मुलं तिथे शिकायला आली. अंध आणि कर्णबधिर मुलांच्या शाळा झाल्या. अपंगांना व्यवसायाचं शिक्षण देणारं संधिनिकेतन झालं. नाव बघा, त्यात दया नाही, संधी आहे.

बाबा स्वतःही पुढे अपंगच झाले. मणक्याच्या आजाराने बसता येईना, एक तर उभं राहायचं नाही तर आडवं पडायचं. तसेच आडवे पडून ते 1985 मध्ये भारत जोडो यात्रेत कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. त्याच वर्षी मॅगसेसे पुरस्कार मिळाला. नंतरची बरीच वर्षं नर्मदेकाठी गेली.

9 फेब्रुवारी 2008 ला आनंदवनातच ते गेले. त्यांच्या देहाला अग्नी दिला नाही, तिथल्याच मातीत पुरलं.

त्या आईंना मी काल फोन केला. मुलाला यंत्रं खोलायची आवड आहे म्हणाल्या. शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघी मोरवाडीच्या आयटीआयमध्ये चौकशीला जाणार आहोत. त्यालाही सोबत घेणार आहोत, वर्कशॉप त्याने स्वतः बघायला हवं.